तिसरं जॅकेट

‘आधी कान लाव गं, मग हात लाव...’ पाणबुड्याच्या जॅकेटच्या नळीच्या टोकाचं ते करडं बटण अंगठ्याखाली आलं आणि नवऱ्याचा तो आवाज तिला इतका जवळून ऐकू आला, की तिची मान आपोआप कलती झाली, जशी तेव्हा व्हायची, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर उकिडवं बसल्यावर. बटण दाबलं की आत जावं, सोडलं की लगेच वर यावं. त्यात मीठ साचलं तर ते आतच रुतून बसतं, जॅकेट फुगतच जातं आणि पाण्याखालचा माणूस बुचासारखा सुटून वर येतो... बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या सदऱ्याची कुठली गुंडी सैल आहे ते ठाऊक असतं. तिला हे बटण ठाऊक होतं. तो कामावरून आला की ती जॅकेटच्या पोटात गोडं पाणी भरायची, खळाखळा हलवायची, ओतून द्यायची, आणि तो तोंडाने फुंकून ते फुगवून ठेवायचा. सकाळपर्यंत हवा धरली, तरच ते पुन्हा पाण्यात.

“जरा रुततंय,” ती म्हणाली.

दुकानदाराने जॅकेट घेतलं, बटण दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. रुतत नव्हतं. एके काळी तिच्या नवऱ्याच्या जोडीने गोदीत जहाजांचे तळ खरवडायला उतरणारा हा माणूस. गुडघे गेले, तसं त्याने हे दुकान थाटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“असेल,” तो म्हणाला. “दुसरं दाखवतो, वहिनी.”

लेकीने दुसरं अंगात घातलं. येत्या सोमवारी ती समुद्राखालच्या गवताची पाहणी करायला जाणार होती, वर्षभरासाठी. शिकवणाऱ्यांकडची जॅकेटं घालून शिकली होती, पण आपलं स्वतःचं घ्यायचं तर आईला विचारून, हे तिचं ठरलेलं.

“खांद्यात वर सरकतंय,” आई म्हणाली. “पाण्यावर आलीस की गळ्याशी येईल. आणि शिशाच्या वजनांचा कप्पा बघ. संकटात एका हिसक्यात सुटायला हवा. हा किती घट्ट आहे!”

लेकीने ओढला. सुटला. पण आई म्हणतेय म्हणजे घट्टच असणार, अशा चेहऱ्याने तिने तो परत बसवला.

“वहिनी, तुम्ही जॅकेट बघताय की लेकीसाठी स्थळ?”

“स्थळ असतं तर एव्हाना होकार आला असता, काका,” लेक हसली. “तिथे ती एवढी चौकशी करत नाही.”

“करते तर! तूच पळवून लावतेस,” आई म्हणाली. तिघंही हसली, आणि हसू ओसरलं तरी तिचे ओठ तसेच राहिले, वाळत घातलेल्या कपड्यासारखे, आत कुणी नसलेले...

नवरा गेला त्या दिवशी त्याचं जोडीतलं दुसरं जॅकेट न्हाणीघराच्या दारामागे टांगलेलं होतं. फुगलेलं. आदल्या संध्याकाळी त्यानेच फुंकलेलं — गाल फुगवून, डोळे मिचकावून, पोरीला हसवत. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं, आणि ते तिथेच, भरल्या छातीचं. ती जाता-येता त्याला हात लावी. घट्ट आहे. अजून घट्ट आहे. मग एका दुपारी चहा टाकताना तिला मागून एक लांब सुस्कारा ऐकू आला, कुणी दमून खाली बसावं तसा, आणि ती वळून पाहते तो नणंद जॅकेटची दोरी ओढून, त्यावर गुडघा रोवून, उरलीसुरली हवाही दाबून काढत होती. ‘केवढी जागा अडवत होतं गं! दिलं एकदाचं घडी करून.’ बिचारी पहाटेपासून घर आवरत होती. ‘बरं केलंत, ताई,’ ती म्हणाली, आणि चहात साखर घालायची राहिली, की दोनदा पडली... कुणीच तक्रार केली नाही.

“आता हे शेवटचं,” दुकानदार म्हणाला. “याच्याहून चांगलं माझ्याकडे नाही.”

तिने स्वतः हवा भरली. कान लावला. शिवणींवरून बोटं फिरवली, दोन्ही दोऱ्या ओढल्या. जास्त हवा झाली तशी मागची झडप आपणहून उघडली, फुसकन थोडं सोडून पुन्हा मिटली, आणि त्यानंतर नुसती शांतता. हवा धरून बसलेल्या वस्तूची ती शांतता तिला परकी नव्हती. पट्टे लेकीच्या अंगाला असे बसले, की जणू माप घेऊन शिवले होते.

“आई, नीट बघ हं,” लेक म्हणाली. “बाबांचं कुणी बघितलं असतं ना असं...”

दुकानदार काउंटरवरचं काहीतरी उगाच सरळ करू लागला. त्या दिवशी होडीत तोच होता. जॅकेटने त्याच्या मित्राला वर आणलं होतं, चेहरा आभाळाकडे ठेवून, होडी येईपर्यंत अलगद तोलून धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, काळीज खालीच थांबलं. पण लहानग्या पोरीला काळीज कसं समजवायचं? ‘जॅकेट बिघडलं होतं का गं?’ तिने विचारलं होतं, आणि आईच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं होतं... बिघडलेल्या वस्तूवर रागावता येतं, तिला लाथ मारता येते, आणि चांगली वस्तू घेतली की निर्धास्त होता येतं. त्या एका ‘हो’वर पोर वाढली. पाण्याला न भिता वाढली.

आता शिवण सैल आहे म्हणायचं. की पट्टा मऊ आहे? काहीही चाललं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं, आणि उद्या दुसरं दुकान, परवा तिसरं, आणि सोमवार कधीतरी येऊन निघून जाईल... तिचं बोट शिवणीवर थबकलं. तेवढ्यावरून लेकीने मान खाली घातली आणि, काही न विचारता, छातीवरचा पट्टा सोडायला घेतला.

ते बघवेना. किती विश्वासाने सोडत होती! भिंतीशी टेकून आईने श्वास घेतला, आणि तिला वाटलं, एवढी वर्षं जे भीतीसारखं छातीत होतं ती भीती नव्हतीच, नुसतं थकलेलं काहीतरी होतं, धरून धरून हात भरून आलेलं.

“राहू दे. काढू नकोस.”

“का? कुठे गळतंय का?”

“नाही गं. कुठेच नाही. आधीची दोन्हीही चांगली होती.” दुकानदाराचे हात थांबले. तिने लेकीकडे पाहिलं, आणि आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटेना, इतका साधा होता. “बाबांचंही बिघडलं नव्हतं, बाळ. ते शेवटपर्यंत नीट होतं.”