पंधरा दिवसांचं औषध

माझ्या मुलाचं, तुषारचं लग्न झालं आणि रविना सून होऊन आमच्या गावी, सायवनला आली, ते २०१९ साल. त्या वर्षी भाताची झोडणी उरकल्यावर माझी बायको हिरी गवताच्या वखारीवर गठ्ठे बांधायला गेली. आठ दिवसांत शिंका सुरू झाल्या, डोळ्यांना खाज सुटली. चोळून चोळून डोळे लाल झाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गवताच्या धुळीची ॲलर्जी आहे, शिंका आणि खाज एकाच दुखण्याची. त्यांनी थेंब दिले, कागदावर काही लिहून दिलं. तोंडानेही सांगितलं असेल. गर्दीत आम्ही बाटली तेवढी लक्षात ठेवली. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत घालून मी कुडाच्या भिंतीत खोचला.

दोन दिवसांत खाज थांबली. बाटली संपली की मी रिकामी बाटली चारोटीच्या मेडिकलवर दाखवायचो, नवी मिळायची. आमच्याकडे सगळे असंच औषध आणतात. खाज उठली की थेंब, अशी दोन वर्षं गेली. हिरी म्हणायची, "म्हाताऱ्यापेक्षा बाटली बरी, सांगितलेलं ऐकते."

मग तिचा डावा खांदा दाराच्या खांबाला आपटू लागला. शेजारी बसलेली कोंबडी पायाखाली आली. ताडी चढली का, म्हणून मी चेष्टा केली.

२०२२च्या पावसाळ्यात रविनाने मला अक्षरं शिकवली. घरात वाचायला काही नव्हतं, म्हणून कुडातला कागद काढला. बोट ठेवून वाचलं. पंधरा दिवसच घालणे, नंतर बंद.

हिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "काचबिंदू आहे. हे थेंब इतकी वर्षं घातल्याने डोळ्यांत दाब वाढला. बाजूची नजर गेली, ती परत येणार नाही. समोरची उरलीय, ती सांभाळा." त्यांनी दुसरं औषध दिलं, जन्मभराचं.

परतताना मी हिरीला कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा तुला वाचता कुठं येत होतं."

त्यानंतर रस्त्याने मी तिच्या डाव्या बाजूला चालायचो. तिकडचं तिला काहीच दिसत नव्हतं.

त्या सकाळी हिरीला घेऊन चारोटीला गेलो, नवी बाटली घेतली. पुन्हा चूक नको, म्हणून दुकानासमोर उभा राहून डॉक्टरांची चिठ्ठी एकेक अक्षर लावून वाचत होतो. हिरीला समोर, रस्त्यापलीकडे, सायवनला जाणारी जीप दिसली. ती चालू लागली. डावीकडून टेम्पो आला. मी चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीवर होतो.

माझी बायको हिरी ९ फेब्रुवारी २०२३ला चारोटीला वारली.