शेवटचा आकडा

मावशीच्या बेकरीत आजवर हृदयाचे, गिटारचे, एकदा तर बुटाच्या आकाराचेही केक झाले होते. पण सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस हा केक पहिलाच. भाचीचं लग्न गणिताच्या मास्तराशी, आणि भाचीही गणितात आकंठ बुडालेली. मावशीनंच वाढवलेली ही पोर, कधी कशाचा हट्ट केला नाही. लग्नाला मागितलं काय, तर ही संख्या, एकेक आकडा सुटा.

"हिला कशानंच भाग जात नाही, मावशी," ती म्हणाली होती.

संसाराला याहून चांगला शकुन कुठला? मावशी दोन दिवस खपली.

हॉलपाशी तिनं व्हॅन थांबवली आणि मागचं दार उघडलं. 73939133 मधला शेवटचा तीन गायब. केक सांभाळायला मागे बसवलेल्या तिच्या नवऱ्याच्या मिशीला क्रीम.

नवऱ्याचा जन्म विजेचे मीटर वाचण्यात गेलेला. त्या मीटरांवर शेवटचा लाल आकडा कुणी लिहून घेत नाही. "आम्ही तो कधी धरतच नाही गं," तो म्हणाला.

मावशी त्याला काय बोलली ते न सांगितलेलंच बरं. मग तिनं पिठीसाखर व्हॅनच्या फळीवर पसरली आणि उरलेल्या 7393913 ला बोटानं भाग द्यायला बसली. बेरीज पस्तीस, म्हणजे तीननं जात नाही. सातनं दोन उरले. अकरानं दहा. तेरापर्यंत साखर संपली आणि धीरही. रडतच ती भाचीकडे गेली आणि म्हणाली, तुझी संख्या मोडली.

भाचीनं केक पाहिला आणि ती हसता हसता खालीच बसली. शेवटचा गेला तरी भाग जात नाही, त्याच्या आधीचा गेला तरी नाही. उजवीकडून खात सुटा, उरेल तिला कशानंच भाग जाणार नाही. हीच तर गंमत ती पाहुण्यांसाठी राखून ठेवून होती. काकांनी तेवढी घाई केली.

मग काय, हॉलभर धुमाकूळ. तीन गेला, एक गेला, नऊ गेला. दर आकड्यामागे नवरदेव ओरडून विचारी, जातो का भाग? म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही फोन काढून भागाकार मांडले, सगळे हरले, आणि हरल्याच्या आनंदात पुढचा आकडा खाल्ला. मावशीला हसू आवरेना.

शेवटी उरला सात. भाचीनं तो मावशीपुढे ठेवला. "तुझ्याकडे आले तेव्हा एवढ्याच वर्षांची होते ना मी?"

मावशीचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारून एक ओळखीचा हात हळूच पुढे सरकला. तिनं त्यावर चापट मारली.

"अहो, हा धरायचा," ती म्हणाली.