शटरमागे काकू राहतात

मित्रांनो, मी एक जुनं शटर आहे आणि मला भयंकर राग आला आहे. शटरनं कुरकुरू नये असं वाटत असेल, तर पुढं वाचू नका.

पत्र्याच्या पट्ट्या एकात एक अडकवून एका लोहारानं मला बनवलं. शिंपीदादांनी नवं घर बांधताना रस्त्याकडची खोली दुकानासाठी ठेवली आणि तिच्या तोंडावर मला बसवलं. रोज सकाळी ते मला एका झटक्यात वर ढकलत. माझ्या धडधडाटानं आख्खी गल्ली जागी होई. 'शिवणकाम करून मिळेल' ही लाल अक्षरं त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यावर रंगवली. दुकान म्हणून घरपट्टी जास्त यायची आणि दादा ती मुकाट्यानं भरायचे. दुकान होतंच ना ते!

मग दादा गेले. लेक दूर सासरी, घरात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्या. त्यांच्या गुडघ्यांना जिना चढवेना, म्हणून त्यांनी खाट खाली दुकानाच्या खोलीत आणली. मला एकटीनं उचलणं त्यांना जमेना. मी कायमचा खाली आलो आणि ये-जा मागच्या दारानं सुरू झाली. पण काकूंनी मला टाकलं नाही. दादांच्या शिलाई मशीनचं तेल माझ्या खाचांत घालायच्या, दरवर्षी ती लाल अक्षरं गिरवायच्या. "ह्यांच्या हातची आहेत," म्हणायच्या. मीही मिरवलं. तिथंच आमचा घात झाला.

घरांची नव्यानं पाहणी करायला नगरपालिकेचे मोजणीसाहेब आले. त्यांनी रस्त्यावरूनच चकचकीत अक्षरं वाचली, माझ्यावर बोटानं टकटक केली आणि कागदावर लिहिता लिहिता पुटपुटले, "दुकान." अरे बाबा, एक हाक तरी मारायचीस! माझ्या मागेच काकू भाजी निवडत बसल्या होत्या. "कोण आहे?" म्हणत गुडघे धरून त्या उठेपर्यंत साहेब शेजारच्या घरी पोचलेसुद्धा.

राहत्या घराला पट्टीचा दर कमी असतो. मालक स्वतः तिथं राहत असेल तर अर्ज केल्यावर वेगळी सूटही मिळते. हे काकूंना कुणीही सांगितलं नाही. काकूंचाही मला राग येतो. बिलावरचा शेवटचा आकडा तेवढा बघायच्या. लवकर भरलं की थोडी सवलत मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी रांगेत जाऊन उभ्या! घरी आल्या की माझ्यावर थाप मारून म्हणायच्या, "वाचवले की नाही पैसे?" मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं, पण शटरला कुठलं आलंय कपाळ!

यंदा पट्टी वाढली. पैसे पुरेनात, म्हणून काकूंनी दादांचं मशीन विकलं. जे दुकान केव्हाच मिटलं, त्याची पट्टी भरायला! मशीन मागच्या दारानं बाहेर गेलं, तेव्हा काकू माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात लेक आली. "आई, बाबांचं मशीन कुठंय?"

काकूंनी बिल पुढं केलं. लेकीनं ते वरपासून वाचलं. "वापर, बिगरनिवासी? म्हणजे इथं कुणी राहतच नाही? मग तू कोण आहेस गं?"

"वरचं कोण वाचतं? भरायचं ते भरलं," काकू म्हणाल्या.

लेक तडक कार्यालयात गेली आणि लाल चेहऱ्यानं परतली. हरकत घ्यायची मुदत बिलावर छापलेली असते, ती उलटून गेली, असं तिथले लोक म्हणाले. मागचं काही परत मिळणार नाही, पुढच्यासाठी पाहणी करू.

पाहणीला साहेब तेच. पुन्हा रस्त्यावरच थांबले. "दुकानच दिसतंय की, ताई."

लेकीनं मला खालून धरलं आणि वर ओढलं. इतक्या वर्षांनी! साठवलेला सगळा राग काढून मी ओरडलो. आत खाट होती, औषधाच्या बाटल्या होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. कोपऱ्यातल्या फरशीवर मशीनच्या पायांचे डाग होते.

"या साहेब," काकू खाटेवरून म्हणाल्या. "माप घ्यायला आलात ना? घ्या. शिवायला मात्र आता मशीन नाही."

साहेबांनी मान खाली घालून 'निवासी' लिहिलं. सूट मिळावी म्हणून केलेल्या अर्जावर काकूंनी सही केली. जाता जाता साहेब म्हणाले, "आजी, हे शटर काढून टाका. नाहीतर पुढं दुसरा कुणी येईल आणि पुन्हा दुकानच लिहील."

बघा! चूक यांची आणि शिक्षा मला!

मित्रांनो, घर तुमचं असेल तर बिल वरपासून वाचा. चूक दिसली तर मुदत आहे तोवर भांडा. उद्या तुमच्यापैकी कुणी मोजणीसाहेब झालं, तर माझ्यासारख्यावर नुसती टकटक करून पुढं जाऊ नका. आत कोण आहे ते बघा.

साहेब गेल्यावर काकूंनी लेकीला मला खाली ओढायला लावलं आणि रंगाचे डबे मागवले. मला वाटलं, अक्षरं गिरवणार. पण त्यांनी दादांच्या अक्षरांवर पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवला. लेक रडत होती. पांढरा रंग वाळल्यावर काकूंनी तोच जुना लाल रंग घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत माझ्यावर लिहिलं, 'येथे मी राहते.'