तारखेची जागा

साल दोन हजार तेवीस. दिवाळी होऊन महिना उलटला होता. बीडला आमदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयात अंजूचा तो तिसराच दिवस होता.

"तारीख कुणी टाकायला सांगितली गं तुला?" मोहनरावांनी कागद तिच्यापुढं आदळला.

"भाऊ, पत्राला तारीख लागतीच की. कॉलेजात शिकवलंय आमाला."

"कॉलेजातलं कॉलेजात. इथं नुसतं 'दिनांक' लिहायचं अन पुढं जागा मोकळी सोडायची. तारीख साहेब टाकतेत, सही करताना. कळलं का?"

अंजूनं मान हलवली आणि पत्र पुन्हा छापलं. दिनांक, आणि पुढं बोटभर कोरी जागा.

मोहनराव साहेबांचे स्वीय सहायक. अठरा वर्षं त्याच खुर्चीत. केस काळेभोर रंगवलेले, खिशात दोन फोन, आणि आल्या माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची हातोटी. म्हातारी बाई दिसली की उठून उभे राहत, "या मावशी, बसा," म्हणत. अंजूला पहिल्या आठवड्यात वाटलं, माणूस असावा तर असा.

ती बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. नव्या अभ्यासक्रमात दोन महिने कुठल्यातरी कार्यालयात काम करून दाखला आणायचा होता. त्याला मार्क होते. वर्गातल्या पोरी बँकेत गेल्या, पतसंस्थेत गेल्या. अंजू राज्यशास्त्राची. तिनं सरांच्या मागं लागून आमदारांचं कार्यालय मिळवलं. घर लांब, डोंगरपट्ट्यातल्या धनगरवस्तीवर. आई-बाप मेंढरांमागं. वस्तीवरून कॉलेजला गेलेली ती पहिली पोरगी. बीडमध्ये तिघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची आणि सकाळी नऊला कार्यालयात हजर व्हायची.

दिवसाला पन्नास-साठ पत्रं. कुणाला विहिरीची मंजुरी, कुणाला निराधारचा पगार, कुणाच्या पोराला वसतिगृह. माणसं खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसत, अंजू छापायची, साहेब सही करायचे आणि पत्र ज्याच्या त्याच्या हातात. माणसं कागद कपाळाला लावून घेऊन जात. ते पाहून अंजूच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. रोज संध्याकाळी ती वस्तीवर फोन करून सांगायची, "काकी, आज बावन्न लोकांची कामं केली."

त्या फोननंच सटवा आणि चतुराबाई बीडला आले.

सटवा तिचा चुलता, चतुराबाई चुलती. आई-बाप वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या तांड्याबरोबर, हिंडायचे तेव्हा याच दोघांनी तिला वाढवलेलं. चतुराबाई वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजवायची. ती शाळा म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. चतुराबाई नवी नवरी होऊन आली त्या वर्षी ती बांधली गेली. सरकारनं मास्तर दिला, खोली काही दिली नाही. मग वस्तीवरच्या सोळा बायकांनी ओढ्यातला दगड डोक्यावर वाहिला. चतुराबाईच्या हातावरचा हिरवा चुडा त्या कामात फुटला म्हणून सासू महिनाभर बोलत होती. पुढं त्याच सासूनं मास्तराला रोज भाकरी घातली.

आता ती शाळा बंद व्हायला निघाली होती.

"कावून पण नाना?" अंजूनं विचारलं.

"मोजायला आलते ना," सटवा म्हणाला. डोक्यावरचं पागोटं त्यानं मांडीवर काढून ठेवलं होतं. "बावीस पोरं हायेत पटावर. मोजणारे सायब आले त्या दिशी नऊच घावली."

"बाकीची?"

"वाडा घालवाया गेलती. तुला ठाव न्हाई व्हय?"

तिला ठाऊक होतं. दिवाळी झाली की मेंढरं बाहेर पडतात. पहिल्या मुक्कामापर्यंत घरातलं झाडून सगळं माणूस सोबत जातं, लेकराबाळांसकट. तिथं देवाला नैवेद्य दाखवायचा, चार दिवस राहायचं आणि मग म्हाताऱ्यांनी पोरांना घेऊन माघारी यायचं, शाळेसाठी. पोरं जातात ती चार दिवस. मोजणारे नेमके त्याच चार दिवसांत आले.

"मास्तर म्हणलं व्हतं, पोरास्नी ठिवा," चतुराबाई म्हणाली. "पण माय, लेकराला आई-बापाला घालवाया बी जाऊ द्यायचं न्हाई? सा महिने दिसत न्हाईत ती."

"आता नुसतं पुन्यांदा मोजा म्हणावं," सटवा म्हणाला. "कवाबी या. बावीस भरत्याल. शाळा गेली तर दीड कोसावर गावात जाया लागतंय, मधी दोन ओढे. बबिता, नात आमची, सात वर्षांची हाय. ती जाईल व्हय? मेंढरामागंच जाईल."

साहेब बाहेर आले. सटवानं काखेतली नवीकोरी घोंगडी झटकून त्यांच्या खांद्यावर टाकली. घरच्या लोकरीची, चतुराबाईनं कातलेल्या सुताची. साहेबांनी फोटो काढून घेतला. "लहानपणी मीबी मेंढरामागं फिरलोय, नाना," असं म्हणाले. साहेबांच्या वडलांचा पेट्रोलपंप होता, हे अंजूला तेव्हा माहीत नव्हतं.

"अंजू, आपल्याच माणसाचं काम हाय. झकास पत्र कर."

तिनं केलं. इतकं चांगलं पत्र तिनं आजवर लिहिलं नव्हतं. वाडा, मुक्काम, चार दिवस, बावीस नावं, सगळं नीट मांडलं. मोजणी पुन्हा व्हावी आणि तोवर शाळा चालू राहावी. वर दिनांक लिहिलं, पुढं जागा सोडली. साहेबांनी सही ठोकली. सटवानं पत्र पागोट्यात ठेवून पागोटं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात नेऊन दिलं.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात चतुराबाईचा फोन आला. "अंजे, कुलूप लावून गेले गं. सोमवारपसनं गावातल्या शाळेत जा म्हणं. तुज्या पत्राचं काय झालं?"

"तुज्या पत्राचं." अंजूला रात्रभर झोप आली नाही. सकाळची एसटी धरून ती तालुक्याला गेली.

शिक्षण कार्यालयात रामकिसन नावाचे वयस्कर कारकून होते. त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं आणि खालचा खण ओढला. आत साहेबांच्या नावाच्या कागदांचा गठ्ठा, दोरीनं बांधलेला. त्यातून त्यांनी तिचं पत्र काढलं.

"हे बघ. तारीख कुठाय?"

"तारीख साहेब टाकतेत."

"टाकली का?"

अंजूनं टेबलावर वाकून दिनांकापुढं पाहिलं. जागा कोरीच होती.

"तारीख टाकली तर काम करायचं," रामकिसन म्हणाले. "कोरी ठेवली तर माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, बघतो म्हणायचं. सगळ्या हापिसात ठावं हाय हे. वर्षभरात तारखेची सात पत्रं आली मला. बाकी हा गठ्ठा." त्यांनी चष्मा वर केला. "तू तितंच कामाला हायस ना? टाइप तर तूच करतीस?"

अंजूनं मनात हिशेब केला. जवळजवळ महिना, दिवसाला पन्नास. हजार-दीड हजार माणसांच्या कपाळाला लागलेला कागद, आणि त्यावरची ती बोटभर कोरी जागा तिनं स्वतःच्या हातानं सोडलेली. नीट, सारख्या अंतरावर.

"काका, हे पत्र मला द्या."

रामकिसननी इकडंतिकडं पाहिलं आणि दिलं.

दुपारी ती बीडला परतली तेव्हा मोहनराव जेवून पान लावत होते.

"भाऊ, आमच्या शाळेच्या पत्रावर तारीख का नव्हती?"

मोहनरावांनी बोटाचा चुना निगुतीनं पुसला. "कुणी सांगितलं तुला?"

"का नव्हती?"

"हे बघ अंजू. तीन लाख माणूस हाय मतदारसंघात. सगळ्याची कामं देवाच्यानं तरी व्हतेल का? न्हाई म्हणलं की माणूस तुटतंय. इथं कुणाला न्हाई म्हणत न्हाईत. माणूस खुशीत घरी जातंय. ते काय कमी हाय?"

"खुशीत? कुलूप लागलंय शाळंला."

"अगं, एका खोलीची कसली शाळा ती! गावातल्या संस्थेत बिल्डिंग हाय, कंप्युटर हाय. त्यानला पट कमी पडतोय. पोरं तिकडं गेली तर दोघांचंबी भलं."

"संस्था कुणाची हाय, भाऊ?"

मोहनरावांनी पान तोंडात घातलं. संस्था साहेबांच्या मेहुण्याची होती. पाटीवर नाव होतं, अंजूनं शंभरदा वाचलेलं.

ती मागच्या खोलीत पाणी प्यायला गेली. तिथं जनरेटर होता. गळणारं तेल फरशीवर पसरू नये म्हणून खाली काहीतरी अंथरलं होतं. तिनं वाकून पाहिलं. घोंगडी होती, काठाची वीण चतुराबाईच्या हातची.

दुसरा दिवस गुरुवार, लोकांना भेटायचा. हॉल गच्च भरला होता. साहेब मध्ये कोचावर, भोवती माणसं, कडेला मोहनराव. अंजू गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि पत्र साहेबांच्या पुढ्यात धरलं.

"साहेब, यावर तारीख राहिली."

साहेब हसले. "मोहनराव बघतेल ते."

"त्यानला न्हाई जमत. तुमीच टाकताव ना? टाका."

आवाज जरा चढला तशी माणसं वळून बघायला लागली. मोहनराव लगबगीनं पुढं आले. "अंजू, चल बाई, आत चल."

तिनं हात सोडवून घेतला आणि लोकांकडं वळली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला तोवर माहीत नव्हतं. "मी टाइप केलेत तुमची पत्रं. ज्याच्या पत्रावर तारीख न्हाई त्याचं काम हुणार न्हाई. ही यांची खूण हाय. हापिसात ठावं हाय, फकस्त तुमाला न्हाई. काढा पत्रं. बघा!"

मग निराधारच्या पगारासाठी चौथ्यांदा आलेल्या भिवराबाईनं कमरेच्या पिशवीतून घडी काढली.

"माझ्यावर बघ गं माय. मला वाचता येत न्हाई. हाय का?"

"न्हाई, मावशी."

"ह्याच्यावर बी न्हाई?" तिनं दुसरी घडी काढली. मग तिसरी. "ह्याच्यावर?"

"न्हाई."

भिवराबाई साहेबांकडं वळली. "मग तीनदा मला चहा कावून पाजला रं, लेकरा?"

त्यानंतर खिशाखिशांतून कागद निघाले. माणसं एकमेकांची पत्रं बघू लागली, ज्यांना वाचता येत होतं ती दुसऱ्यांना सांगू लागली. अजिनाथ नावाच्या शेतकऱ्यानं विहिरीचं पत्र लॅमिनेशन करून आणलं होतं. तो तारीख मागायला सगळ्यांत पुढं घुसला आणि प्लास्टिकवर पेन उठेना.

"दाबून लिवा की साहेब!"

"अरे उठत न्हाई बे ते," मागून कुणी ओरडलं, "कातर आण, कातर!"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. पण पेन त्यांनी खाली ठेवलं नाही. दीडशे माणसं भोवती उभी होती. तासभर ते नुसत्या तारखा टाकत राहिले. अंजूचं पत्र पहिलं होतं.

हॉल रिकामा झाल्यावर मोहनरावांनी तिची पिशवी दारात आणून ठेवली.

"माझा दाखला, भाऊ? महिन्याभराचा तरी द्या."

"कसला दाखला?" मोहनराव आता बाई म्हणाले नाहीत, नावही घेतलं नाही. "तू इथं हुतीस असं कुठं लिवलंय? हजेरी दाखव."

हजेरीच्या वहीत तिच्या महिन्याचं पान नव्हतं. अंजूनं वही मिटून टेबलावर ठेवली. "ज्यास्नी तुमी मावशी म्हणता त्या चुकल्या, भाऊ," ती म्हणाली. "पाणी बी प्यायला नगं होतं इथलं." आणि पायऱ्या उतरली. रडू तिला स्टँडवर येईपर्यंत आलं नाही.

तारखेचं पत्र सटवानं दुसऱ्याच दिवशी तालुक्याला नेलं. पण पत्राच्या आधी फोन पोचला होता: गुरुवारच्या तारखेचं काही धरू नका. रामकिसननी तरी ते वरच्या फाइलीत लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढं ठेवलं. शाळेचं कुलूप निघालं नाही. दोन महिन्यांनी रामकिसन यांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ते रोज तीन तास एसटीत बसून काढलं.

भिवराबाईचा पगार सुरू झाला नाही. ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. अजिनाथ आता साहेबांच्या विरोधकाच्या कार्यालयात बसतो, तिथूनही त्याला एक पत्र मिळालं आहे. साहेब आहेत तिथंच आहेत. मोहनरावही. आता तिथल्या प्रत्येक पत्रावर ठळक तारीख असते. खूण दुसरी कुठलीतरी ठरली आहे; ती अजून बाहेर कुणाला कळलेली नाही.

अंजूचं वर्ष गेलं. सरांनी हात वर केले. तिनं दुसऱ्या वर्षी नेकनूरला एका दवाखान्यात केसपेपर लिहून दोन महिने भरले आणि पदवी घेतली. आता ती बीडला एका वकिलाकडं काम करते आणि रात्रीचा कायद्याचा अभ्यास करते. साहेबांच्या कार्यालयावरून जायचा जवळचा रस्ता आहे, पण ती लांबच्या रस्त्यानं जाते. भीतीनं नाही. तिथल्या पायऱ्यांवरून अजून माणसं कागद कपाळाला लावून उतरतात, आणि ते तिला बघवत नाही.

सटवानं बबिताला संस्थेच्या शाळेत घातलं होतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा पोरं चार दिवस अलीकडंच बसून राहिली. मग एकेक घर पोरं पाठवायचं थांबलं. पटावर बावीसच्या बावीस नावं आहेत म्हणे, संस्थेच्या पटावर.

गेल्या दिवाळीनंतर वाडा निघाला तेव्हा अंजू वस्तीवर होती. पहिल्या मुक्कामाला नैवेद्य झाला, चार दिवस झाले. म्हातारी माणसं माघारी फिरायला उठली. चतुराबाईनं सवयीनं बबिताकडं हात केला, मग तो मागं घेऊन पदर सारखा केला. मेंढरं चढाला लागली. त्यांच्या मागं बबिता चालली होती, हातात काठी, पायांत शाळेचे काळे बूट; ते अजून तिला होत होते.