सांगा, कोणतं पुसू?

मित्रांनो, मी सिंदी गावच्या छोट्या चर्चमधला एक जुना फळा आहे. आज रंग उडाला, कोपरा चिरला, पण एकेकाळी माझाही तोरा होता! सुताराने आंब्याच्या फळ्या जोडून मला घडवले, काळा रंग दिला आणि संडे स्कूलच्या मुलांसाठी खिडकीजवळ टांगले.

ज्योत्स्नाबाई शिकवायच्या. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. नव्या मुलांसाठी त्या नेहमी तीन वाक्ये लिहीत: देव सर्वसमर्थ आहे. देव सर्वज्ञ आहे. देव प्रीती आहे. मुले घोकत, पाहुणे वाहवा करत. देव काय आहे, हे साऱ्या सिंदीत मलाच ठाऊक, असे मला वाटे. गर्वाचे घर खाली, दुसरे काय!

एकदा बाईंची चिमुकली गुंजन उठून म्हणाली, “आई, प्रीती तं पोरीचं नाव हाय. देव पोरगी हाय काय?”

“अवं, प्रीती म्हणजे प्रेम,” बाई म्हणाल्या. तर वर्गातला प्रेम लाजून बाकाखाली लपला! बाईंनाही हसू आवरेना.

गुंजनला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हातपाय ठणकले की ती माझ्याखाली भिंतीला टेकून बसे. सातवीत असताना ती गेली. दवाखान्यात बाईंनी गुडघे टेकून देवाला किती विनवले होते म्हणे!

काही रविवारांनी बाई वर्गावर आल्या. तिन्ही वाक्ये लिहिली आणि थांबल्या. पाळक भूपेंद्र दारात होते.

“पास्टर, यातलं एक पुसू द्या मले. त्याले जमत नोतं, का मालूम नोतं, का त्याची प्रीतीच नोती? तिन्ही खरे असते तं माही गुंजन गेली नसती. सांगा, कोणतं पुसू?”

“बाई, देव आपल्या व्याख्येत मावत नाई,” भूपेंद्र हळूच म्हणाले.

“मावत नाई, तं इतके वर्सं मले लिहाले काऊन लावलं?”

बाईंनी पदराने तिन्ही वाक्ये पुसली आणि त्या निघून गेल्या. नंतर लोक त्यांच्या घरी जाऊन तीच वाक्ये ऐकवू लागले, तेव्हा त्यांनी दारही लावून घेतले.

आता मुलांना छापील कार्डे मिळतात. मी खुर्च्यांमागे, भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. वाळवी लागली आहे.

मित्रांनो, मला रंगवा, नाहीतर चुलीत घाला. पण जिचे लेकरू गेले, तिला देव म्हणजे काय हे समजावायला जाऊ नका. तिच्याजवळ नुसते बसा. ज्योत्स्नाबाईंजवळ कुणीच बसले नाही.