लिलीचं तिसरं वर्ष

“हंगामीच द्या,” माझा मुलगा म्हणाला.

रोपवाटिकेतल्या बाईंनी विचारलं होतं मला. “काकू, हंगामी फुलझाडं हवीत की कायमची?” असं माझ्याकडे बघून, चांगलं नीट विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत हा मध्ये टपकला. माझं डोकंच फिरलं. तसं ते कालपासूनच फिरलेलं होतं.

काल मी इस्पितळातून घरी आले, तर याने मोठ्या कौतुकाने मला फुलांचा वाफा दाखवला. “बघ, तू नव्हतीस तेवढ्यात सगळा साफ केला. आत नुसते कुजके कांदे निघाले गं! पोतंभर कचऱ्याच्या गाडीत टाकले.” ते माझ्या लिलीचे कंद होते. बहर संपला की लिलीची पानं पिवळी पडतात, मी ती जमिनीलगत कापते, मग वर नुसती माती दिसते. खाली ती झोपलेली असते. याच घरात वाढलेल्या चाळिशीच्या बाप्याला एवढं माहीत नसावं? शाळेचे गणवेश शिवता शिवता माझ्या पाठीचं धनुष्य झालं, तरी रविवार मी त्या वाफ्यासाठी राखला होता. आणि या गाढवाने एका सकाळीत त्याची वाट लावली. रात्री मी जेवले नाही, म्हणून आज भरपाई करायला इथे घेऊन आला होता.

त्याने ट्रे भरायला सुरुवातही केली. पेटुनिया, झिनिया, झेंडू, सगळी फुललेली. “हे बघ, आजच फुललंय. नेऊन लावलं की झालं.”

“त्यापेक्षा कागदाची आण. पाणीसुद्धा घालायला नको.”

हंगामी फुलांशी माझं वैर नाही. कडेला झेंडू मीही लावते. पण वाफ्याच्या मध्ये मुळं धरून बसणारं काहीतरी लागतं, नाहीतर दर हंगामाला पुन्हा श्रीगणेशा.

“लिली आहे का हो?” मी बाईंना विचारलं.

“मोठे कंद संपले, काकू. ही बियांपासून केलेली बारकी रोपं आहेत. पण फूल यायला तिसरं वर्ष उजाडेल.”

“द्या.”

“नको गं आई,” तो म्हणाला, “तीन वर्षं कुठे आता...”

आणि त्याने जीभ चावली. बाईंना एकदम कोपऱ्यातला नळ बंद करायची आठवण झाली.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“काही नाही. विश्रांती घ्या म्हणाले.”

“कान खाजवू नकोस. खोटं बोलताना लहानपणापासून खाजवतोस.”

त्याचा हात खाली आला. “पुढचा उन्हाळा... कदाचित नाही, म्हणाले.”

भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण तिच्या आधी राग आला.

“म्हणजे मी किती दिवसांची, हे तू परस्पर विचारून आलास. आणि तेवढ्या दिवसांना पुरतील अशी फुलं निवडायला मलाच घेऊन आलास!”

“तुला फुलं बघायला मिळावीत, एवढंच होतं गं मनात!” तो भर रोपवाटिकेत ओरडला. “खणलं ते चुकलं माझं. पण आता काय नुसती माती बघत बसणार तू?”

“बसेन. माझी माती आहे.”

बाईंनी मुकाट्याने लिलीचं रोप ओल्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. त्याचा ट्रेही आम्ही घेतला. उगाच वड्याचं तेल वांग्यावर कशाला?

संध्याकाळी तो वाफ्यात गुडघे टेकून बसला. मी पायरीवर, तोंडाचा पट्टा चालू. लिली लावून झाली, तसा तो पेटुनिया तिला अगदी खेटून लावायला लागला.

“लांब लाव ती! लिली पसरते.”

“मध्ये फार मोकळं दिसतंय गं.”

“दिसू दे.” पोरांच्या वाढत्या अंगाला गणवेश ढगळ शिवला म्हणून कुरकुरणाऱ्या आया मी जन्मभर परतवल्या. याचं काय ऐकणार होते?

त्याने पेटुनिया उचलून लांब लावली. मग त्याने विचारलं, “पानं पिवळी पडली की?”

“कापायची. पाणी बंद करायचं.”

“आणि मग?”

“मग हात लावायचा नाही. मेल्यासारखी दिसली तरी.”

त्याने मान हलवली आणि मातीने माखलेल्याच मनगटाने नाक पुसलं. माझा राग काही उतरला नव्हता. त्याच्यावरचा, त्या डॉक्टरांवरचा, या अंगावरचाही. 

तो उठला आणि मागच्या अंगणातून दोन विटा घेऊन आला. तेवढ्या जागेत कोणी खणू नये, म्हणून खुणेला.

“किती पसरेल ही?”

मी दोन्ही हात पसरून दाखवले. इस्पितळातल्या सुयांनी सुजलेला उजवा हात अर्ध्यावरच अडकला.

त्याने ते पाहिलं. डावीकडची वीट मी दाखवली तिथे ठेवली. उजवीकडची त्याने पुष्कळ पुढे नेऊन ठेवली, माझा हात पोचला नव्हता तिथे.