बंडू सरांचं विलगीकरण

अकोल्यातल्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मूर्तिजापूर रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक झालो. कोरोनाच्या काळात टीव्हीवर इतके डॉक्टर ऐकले होते की आपणही निम्मेशिम्मे डॉक्टर झालो, असं मला मनापासून वाटायचं. गेल्या हिवाळ्यात आश्रमात फ्लू शिरला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला थोडी हुशारीच आली.

पहिले आजारी पडले डोमाजी. रेल्वेचं फाटक सांभाळून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले, आवाज मात्र खणखणीत. डॉक्टर माया गवई येऊन तपासून गेल्या. यांना सध्या वेगळं ठेवा, खिडकी उघडी राहू द्या, आत जाताना मास्क लावा आणि हात धुवा, एवढंच त्यांनी सांगितलं.

एवढ्यावर थांबलो तर मी कसला मास्तर? डोमाजींना मागच्या खोलीत हलवून मी दारापुढे खडूची रेघ ओढली. स्वयंपाक करणाऱ्या मैनाबाईंना बजावलं की ताट रेघेवर ठेवायचं, दार वाजवायचं आणि एक शब्द न बोलता परत फिरायचं. मग जेवणघरात सगळ्यांना संसर्गावर व्याख्यान दिलं. निम्मे श्रोते झोपले. ते शांततेनं ऐकताहेत असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी डोमाजींनी आतून विचारलं, "सर, मी काय चोरी केली? मले काहून कोंडून ठेवलं?"

मी रेघेअलीकडून त्यांना विषाणू समजावला. त्यांनी ताट तसंच परत पाठवलं.

पुढे खोकला पसरला. शेजारच्या खोलीतल्या पार्बताबाईंना धाप लागली आणि त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा मलाच कणकण जाणवत होती. भीतीनंच अंग तापलंय असं मी म्हणत राहिलो, पण डॉक्टरांनी तपासणी केली आणि मलाही तोच फ्लू निघाला. त्यांनी आणखी एखादी रिकामी खोली आहे का विचारलं. होती, पण तिच्यात मी सॅनिटायझरचे डबे छतापर्यंत रचून ठेवले होते.

"मग डोमाजींच्याच खोलीत राहा," त्या म्हणाल्या. "दोघांना एकच आजार आहे."

डोमाजी खाटेवर उठून बसले. "या बंडू सर," ते म्हणाले, "रेघ ओलांडली ना बराबर?"

मैनाबाई माझ्या शाळेत असत्या तर पहिल्या आल्या असत्या. ताट ठेवायच्या, दार वाजवायच्या आणि निघून जायच्या. मी पार्बताबाईंची खबर विचारली तर त्यांनी नुसतं रेघेकडे बोट दाखवलं. मला रडू येईल असं वाटलं. तापानं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. डोमाजींनी उठून माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

"फाटकावर मी एकटाच राहो," ते म्हणाले. "पन गाडी जातानी गारड हात तरी हालवे. इथं तेबी नाई."

मी काहीच बोललो नाही. ही घटना त्या आश्रमात नवीनच होती.

डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा मी माझे नियम त्यांच्या कानावर घातले. बोलायचं नाही हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. खिडकीबाहेर अंतर ठेवून, मास्क लावून कितीही गप्पा मारा म्हणाल्या. मैनाबाईंनी लगेच अंगणात खुर्ची नेऊन टाकली आणि ओल्या फडक्यानं माझी रेघ पुसली, जरा जास्तच जोर लावून. मग ज्यांना खोकला नव्हता ते आळीपाळीनं येऊन बसू लागले. ते सगळे डोमाजींशीच बोलायचे. माझ्याकडे विशेष कुणी वळत नसे, पण डोमाजी जेवायला लागले होते, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बाहेर सोडलं. पार्बताबाईही परत आल्या, वाळलेल्या पण तरतरीत. अंगणात उन्हात बसून त्यांनी दवाखान्याची हकीकत सांगायला घेतली आणि ऑक्सिजनविषयी काहीतरी साफ चुकीचं सांगितलं. माझं तोंड उघडलं होतं. मी त्यात चहाचा घोट घेतला आणि त्यांना म्हटलं, "मग?"